कंपनी सरकार आणि पाद्री

पुण्याहून नगरकडे जातांना भीमा ओलांडली कीं थोड्या वेळानें शिक्रापूर लागतें आणि त्याच वाटेनें पुढें घोडनदीकांठीं शिरूर. शिरूरच्या छावणींतून निघालेल्या कंपनीच्या पलटणीची पेशव्यांच्या फौजेशीं १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवास गांठ पडली, आणि त्याच सालीं हा मुलूख इंग्रजांच्या हातीं गेला. राज्यकर्ते ख्रिस्ती, तेव्हां ख्रिस्ती उपदेशकांना रान मोकळें झालें असावें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति तशी नव्हती.

कंपनी मुळांत व्यापारी. प्रजेच्या धर्मांत हात घातला तर वसूल बुडेल आणि पलटणी बिथरतील, ही तिची धास्ती; १८०६ सालीं वेलोरच्या शिपायांनीं केलेल्या बंडानें ती दुणावली. परवान्यावांचून पाद्र्यानें कंपनीच्या मुलखांत राहूं नये, असा दंडक होता. म्हणून विल्यम केरी यांस बंगालमधील श्रीरामपुरांत, डेन्मार्कच्या निशाणाखालीं, आसरा घ्यावा लागला. गंमत अशी कीं, याच केरींना सरकारनें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत देशी भाषा शिकविण्यास नेमलें, आणि १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण छापून निघालें. विद्वत्ता हवी, उपदेश नको!

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन उपदेशक १८१२ सालीं कलकत्त्यास उतरले. तेथून चालते होण्याचा हुकूम झाला, तेव्हां फेब्रुवारी १८१३ मध्यें ते मुंबईस आले. इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध जुंपलेलें असल्यामुळें संशय अधिकच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनानें अनुकूल होते; परंतु दोघांना विलायतेस धाडावें, अशी वरून आज्ञा आली. ते गुपचूप गलबतानें कोचीनला निघून गेले, तेथून त्यांना परत आणविलें. मग हॉल यांनीं गव्हर्नरांस निकराचें पत्र लिहिलें. धर्मोपदेशाच्या आड येणाऱ्या ख्रिस्ती अधिकाऱ्यास ईश्वरापुढें जाब द्यावा लागेल, असा त्याचा रोख होता. पाठवणी तहकूब झाली; १८१३ च्या सनदेनें परवाना मिळण्याची सोयही झाली.

तरी दक्षिणेंत दार बंदच. १८२३ सालीं स्कॉटिश मिशनचे डोनल्ड मिचेल यांस पुण्यांत राहावयाचें होतें. सरकारनें नाकारलें आणि ते कोकणांत बाणकोटास गेले. त्याच पुण्यांत दोनच वर्षांपूर्वीं, १८२१ सालीं, विश्रामबागवाड्यांत सरकारी संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. एल्फिन्स्टन साहेबांस यांत दोष देणें कठीण आहे. नुकत्याच जिंकलेल्या लोकांना तरवार आणि धर्मपुस्तक एकाच हातांत दिसलें असतें, तर त्यांचा क्षोभ गैर म्हणतां आला नसता.

पण या सावधगिरीचा भार पाद्र्यापेक्षां अधिक पडला तो नव्यानें ख्रिस्ती होणाऱ्यावर. पाद्री फार तर जहाजावर चढविला जाई. याला मात्र घर सोडावें लागे, वडिलार्जित वांट्यास मुकावें लागे. धर्म किंवा जात सोडल्यामुळें मिळकतीचा हक्क जाऊं नये, असा कायदा सबंध कंपनी मुलखासाठीं झाला तो थेट १८५० सालीं, आणि त्याविरुद्धही अर्ज गेलेच.

हॉल मराठी शिकून मुंबईंतच राहिले. १८२६ च्या मार्चांत नाशिककडून परततांना धोंडी-दापूर येथें पटकीनें त्यांचा अंत झाला. त्यांच्या मिशनचे लोक नगरास १८३१ सालीं पोंचले, आणि पुढें शिरूरासही त्यांचें ठाणें झालें.