स्प्रिंगचा चिमटा आणि साधा चिमटा

पनवेलजवळ गाढी नदीच्या कांठीं विचुंबे नांवाचें गांव आहे. एका अंगाला नव्या पनवेलची दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला माथेरानच्या डोंगराकडे जाणारी वाट. अशा गांवांतील तरुण सायकल घ्यावयास गेला, म्हणजे त्याची दृष्टि प्रथम जाते ती जाड टायरांच्या व पुढच्या चिमट्यांत स्प्रिंग बसविलेल्या 'डोंगरी' सायकलकडे. दुकानदार त्या स्प्रिंगला 'शॉकअप' म्हणतो आणि तेवढ्या एका शब्दानें गिऱ्हाइकाचा अर्धा विश्वास बसतो. पण ही सायकल डोंगरावर सहसा जात नाहीं. ती सकाळीं पनवेल स्टेशनाला जाते आणि संध्याकाळीं भाजीची पिशवी घेऊन परत येते.

दोन पावसाळे उलटले, कीं सायकल जड चालूं लागते. शेजारचा म्हातारा दूधवाला आपल्या काळ्या सायकलवरून सहज पुढें निघून जातो, आणि नवी सायकल घेण्याचे बेत सुरू होतात. तो खर्च करण्यापूर्वीं दोनच वस्तू बदलून पाहाव्या: पुढचा चिमटा आणि दोन्ही टायर.

स्वस्त सायकलींतील स्प्रिंगचा चिमटा म्हणजे दोन नळ्यांत कोंडलेलें पोलादी वेटोळें. त्याचें वजन पुष्कळदां अडीच किलोच्या घरांत जातें. साधा पोलादी चिमटा त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. उभें राहून पायडल मारलें, कीं स्प्रिंग दबते, आणि पायांच्या जोराचा कांहीं अंश चाक फिरविण्याऐवजीं तिला दाबण्यांत खर्ची पडतो. त्यांत आपला कोंकणचा पाऊस! नळ्यांच्या तोंडाशीं चिखल साचतो, वंगण धुऊन जातें, गंज चढतो आणि स्प्रिंग आहे तेथेंच अडकून बसते. मग उरतो तो नुसता जड चिमटा.

'धक्के मग कोण सोसणार?' असें कोणी विचारील. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यांत १९७६ सालीं डोंगरउताराच्या कच्च्या वाटेवर जुन्या सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षीं जो ब्रीझ यानें त्या कामासाठीं मुद्दाम सायकल बांधली. तिचा चिमटा साधाच होता. दचके जिरविणारे चिमटे बाजारांत आले ते १९८९ च्या सुमारास. तोंवर डोंगर उतरणारांचा भरंवसा जाड टायरांतील हवेवर होता. डनलॉपनें १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, तें मुळीं आपल्या मुलाच्या तीनचाकीचे हिसके कमी करण्याच्या खटाटोपांतून.

चिमटा निवडतांना मात्र घाई करूं नये. खरा धोका येथेंच आहे. स्प्रिंगला दबावयास जागा हवी, म्हणून तिचा चिमटा लांब असतो. त्याच्या जागीं भलताच आंखूड चिमटा बसविला, तर सायकल पुढें झुकते, पायडलें जमिनीजवळ येतात आणि हॅंडल चंचल होतें. वीस मिलिमीटर लांबी घटली, कीं मानेचा कोन सुमारें एक अंशानें उभा होतो. मागून ट्रक येत असतां हॅंडल असें थरथरणें बरें नव्हे. म्हणून चाकाच्या आंसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतचें अंतर मोजावें, स्वार बसल्यावर स्प्रिंग जेवढी दबते तेवढें त्यांतून वजा करावें, आणि उरलेल्या मापाचा चिमटा आणावा. मानेंतून वर जाणारी नळी किती जाड आहे, तिच्यावर आटे आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें. ब्रेक तबकडीचे असतील, तर त्यांची बैठक नव्या चिमट्यावर असलीच पाहिजे. उभी नळी कापण्यापूर्वीं दोनदां मोजावी. कापलेली नळी वाढत नाहीं.

टायरांच्या मापांत तर मोठी गंमत आहे. ज्याला 'सव्वीस' म्हणतात त्याच्या कडेचा व्यास ५५९ मिलिमीटर आणि 'एकोणतीस'चा ६२२. पण दूधवाल्याच्या जुन्या 'अठ्ठावीस'चा ६३५! तेव्हां तोंडच्या नांवावर न जातां टायरच्या अंगावर छापलेला ५०-५५९ असा आंकडा वाचावा. त्यांतील पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा. डांबरी रस्त्यावर मोठ्या गोट्यांचे टायर गुणगुणतात आणि पाय ओढतात. त्याऐवजीं सुमारें दोन इंच रुंदीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर घालावे. ते पावसांत घसरतील ही भीति मोटारीवरून आलेली आहे. सायकलचा टायर अरुंद आणि वेग थोडा, त्यामुळें पाणी बाजूला सरतें व रबर रस्त्याला भिडतें. शेवाळ, लोखंडी झांकणें आणि रस्त्यावरचे रंगाचे पट्टे यांवर मात्र कोणताही टायर दगा देतो. ज्याला धोदाणीपलीकडच्या दगडी पायवाटांचाच नाद आहे, त्यानें आपला स्प्रिंगचा चिमटा व गोट्यांचे टायर खुशाल ठेवावे. फक्त चिमटा चांगला असावा आणि त्याची निगा राखावी.

नव्या चिमट्यानें पहिल्या दिवशीं मनगटांना खड्डे जाणवतील. मध्यम वजनाच्या स्वारानें दर चौरस इंचास पंचेचाळीस पौंडांपासून आरंभ करावा, आणि हात दुखूं लागले तर पुढच्या चाकांतील हवा दोन-दोन पौंडांनीं कमी करीत जावी. खड्ड्यावर रिम दगडाला लागल्याचा आवाज आला, म्हणजे हवा फार उतरली असें समजून पुन्हां पंप हातीं घ्यावा.