नियमाने चालणारा संगणक आणि शिकणारा संगणक

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय कृत्रिम बुद्धिमत्तेचा. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून गल्लीतूनच सुरुवात करतो. मागे आपल्याच एका मुलीचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज परत आला. कारण काय, तर एका कागदावर वडिलांचे नाव ज्ञानेश्वर आणि दुसऱ्यावर ज्ञानोबा! तिची आई मला म्हणाली, "भाऊ, त्या एआयने आमचा फॉर्म मारला." मी म्हटले, "ताई, त्यात कसली आली बुद्धी? दोन नावे अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत, असा नियम कुणीतरी लिहून ठेवलाय. यंत्र तेवढेच पाहते."

हे झाले नियमाने चालणारे यंत्र. 'असे असेल तर असे कर,' एवढेच त्याला ठाऊक. एटीएममध्ये पिन पुन्हा पुन्हा चुकला की कार्ड अडते, तेही असेच. नियम माणसाचा, राबणूक यंत्राची.

आता दुसरा प्रकार. आपल्या आयांना विचारा, भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचे? सांगता यायचे नाही. हात सांगतो! शेकडो भाकऱ्या थापून तो हात शिकलेला असतो. कृत्रिम बुद्धिमत्ता आज ज्याला म्हणतात, तिचा बराचसा भाग असाच आहे. नियम लिहून न देता हजारो-लाखो नमुने दाखवायचे, त्यातून यंत्राने स्वतःच खूण धरायची. मोबाईलमध्ये आपण मराठीत बोलतो आणि अक्षरे उमटतात, ती अशा शिकण्यातूनच.

मग यातले वाईट कोणते? दोन्हींनी माणसे पोळली आहेत, पण पोळण्याची तऱ्हा निराळी.

ऑस्ट्रेलियात सरकारी मदत घेणाऱ्या गरिबांच्या मागे 2016 पासून अशीच एक यंत्रणा लागली. लोक तिला 'रोबोडेट' म्हणत. तिकडे मदत मिळते पंधरवड्याच्या कमाईवर. यंत्रणेने काय केले, तर कर खात्याकडची वर्षाची कमाई घेतली आणि 26 पंधरवड्यांत सारखी वाटली. समजा, एखाद्याने सहा महिने काम करून 26,000 डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने बेकार राहून मदत घेतली. यंत्राच्या हिशेबी तो बेकारीतही दर पंधरवड्याला 1,000 डॉलर कमावत होता! मग वसुलीची नोटीस. आणि जुन्या पगाराच्या पावत्या शोधून निर्दोषपणा सिद्ध करायचा तो त्या गरिबानेच. प्रकरण कोर्टात गेले आणि 2019 मध्ये ही पद्धत बेकायदेशीर ठरली. 2020 मध्ये सरकारने सुमारे 4 लाख 70 हजार वसुल्यांचे 72 कोटी डॉलर परत करण्याचे जाहीर केले. यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. एक चुकीचा भागाकार होता! पण तो कागदावर मांडता येत होता, म्हणूनच कोर्टात बोट ठेवून दाखवता आला.

आता शिकणाऱ्या यंत्राचे पाहा. ॲमेझॉन कंपनीने 2014 पासून नोकरीचे अर्ज तपासणारी प्रणाली तयार करायला घेतली. शिकायला दिले मागच्या दहा वर्षांत आलेले अर्ज, आणि ते बहुतेक पुरुषांचे. अर्जात 'महिलांचा' बुद्धिबळ संघ असा शब्द दिसला तरी यंत्र गुण कमी करू लागले. बायकांना मागे ठेवा, असा नियम कुणी लिहिला नव्हता हो! जुन्या नमुन्यांतून ते यंत्राने आपसूक उचलले. कंपनीने ते काम पुढे सोडून दिले, आणि 2018 मध्ये बातमी बाहेर आली. त्याआधारे उमेदवार कधी निवडले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. असेलही. पण पिढ्यान् पिढ्या ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांची नावे जुन्या नमुन्यांत येणार तरी कुठून? हा प्रश्न आपल्या पोरांनी विचारायचा नाही तर कुणी?

तेव्हा अर्ज नाकारला गेला की आधी विचारा, कोणत्या नियमाने? नियम दाखवला तर त्यावर भांडता येते. त्या मुलीने प्रतिज्ञापत्र जोडले आणि अर्ज मंजूर झाला. "सिस्टीमनेच ठरवले," एवढेच उत्तर आले तर पुढचा प्रश्न, तिला शिकवले कशावर, आणि तिच्यावर सही कोणत्या साहेबाची?

अध्यक्ष महोदय घड्याळ दाखवताहेत. ज्यांचे फॉर्म परत आले असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर सगळे कागद घेऊन इथेच यावे. मूळ प्रती आणा, झेरॉक्स आपण काढू. जयभीम!