रस्त्याच्या कडेला शेतकऱ्याचाही दगड हवा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज तुम्ही निरनिराळ्या तालुक्यांतून आलात. येताना रस्त्याच्या कडेला काय काय लिहिलेले दिसले, जरा आठवा. पुलावर भूमिपूजनाची कोनशिला, तिच्यावर मंत्र्याचे नाव. फाट्यावर किल्ल्याची पाटी, अमुक राजाने अमुक साली जिंकला. ते असायलाच हवे. पण त्या किल्ल्याला धान्य कुणी पुरवले, सारा कुणी भरला, हे सांगणारी पाटी कुणाला दिसली का?

आपल्याकडे अशी रीतच नव्हती असे नाही. वेशीपाशी, देवळाच्या आवारात कोरलेले जुने दगड असतात, त्यांना आपण वीरगळ म्हणतो. तळाच्या चौकटीत पडलेला वीर, मधे लढाई, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. कित्येक वीरगळांवर तळाला गायी कोरलेल्या असतात. गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना जो मेला, त्याचा तो दगड. गाव वाचवणाऱ्याची आठवण गावाने ठेवायची, ही चाल शेकडो वर्षांची आहे. आज त्याच दगडाला शेंदूर फासून आपण त्याचा देव केला आणि गोष्ट विसरलो.

आता एक जागा सांगतो. पुणे जिल्ह्यातले, बारामती तालुक्यातले सुपे. पारनेरचे सुपे ते वेगळे. 12 मे 1875 रोजी या सुप्याच्या बाजारपेठेत आसपासच्या गावांतले शेतकरी जमले. सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे त्यांनी बाहेर काढून जाळले. बघता बघता लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. नाव कुणी दिले? सरकारने. शेतकऱ्याने काही केले की तो दंगाच.

शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवले होते की वरची चार बोटे माती पाहून जमीन कळत नाही, खड्डा खणून खालचे थर पाहावे लागतात. तसे इथे करू. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईचा कापूस चढ्या भावाने जाऊ लागला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला आणि उधारी आखडली. त्याच सुमारास नवी आकारणी आली. कित्येक गावांत सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. उत्पन्न खाली, सारा वर. शेतकरी सावकाराकडे जाणार नाही तर कुठे? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच चाले. कायदा कुळाच्या सोयीसाठी केलेला. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करू लागला. वाचता न येणाऱ्या माणसाने त्यावर अंगठा उठवायचा.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल 1878 साली विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला. निष्कर्ष काय? साऱ्याचा दोष नाही, दोष सावकाराचा. म्हणजे सरकारने सरकारला निर्दोष सोडले! 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागचा खरा हिशोब तपासायचा अधिकार कोर्टांना मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. तेवढे पदरात पडले. पण कर्ज मुळात का झाले, हा प्रश्न बाजूला ठेवला गेला.

म्हणून मी म्हणतो, नुसता दगड उभारून भागणार नाही. दगडावर काय लिहायचे ते महत्त्वाचे. 'येथे अमुक साली उठाव झाला' एवढेच लिहिले, तर वाचणारा नमस्कार करून पुढे जाईल. कारण लिहा. भाव पडला, सारा वाढला, रोखा फुगला, हे तीन शब्दांत का होईना, लिहा.

आणि खरे लिहा. सुप्यात धान्याची दुकानेही लुटली गेली. ते लपवू नका. माणसांच्या जिवावर उठल्याचे प्रकार मात्र थोडे, राग मुख्यतः कागदावर होता, हेही लिहा. बहुतेक सावकार मारवाडी आणि गुजर होते. कुणी म्हणेल, तेच ठळक अक्षरांत घाला. मी म्हणतो, तसे कराल तर आयोगाचेच काम पुढे न्याल. माणसाकडे बोट दाखवले की साऱ्याकडचे बोट आपोआप खाली येते.

दुसरी अडचण. रक्त सांडले तिथे स्मारक लवकर होते. उरणजवळ चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. तिथे हुतात्मा स्मारक आहे, ते योग्यच. पण अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांचे काय म्हणाल? नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत त्यांनी खोतांची जमीन कसलीच नाही. सहा पावसाळे! या लढ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता आणि 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनीच मांडले. न पेरलेले रान ही त्या लोकांची लढाई. त्या सहा वर्षांत बायांनी चूल कशी पेटती ठेवली असेल, याची कल्पना करा. असे शौर्यही दगडावर यायला हवे.

तेव्हा पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक तालुक्याने एक जागा, एक तारीख आणि एक कारण घेऊन यावे. म्हाताऱ्यांना विचारा, म्हाताऱ्या बायांना आधी विचारा. घरातले मोडी कागद वाळवीने खाण्याआधी जाणकाराला दाखवा. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय अक्षर कोरू नका. ग्रामसभेत ठराव करा, रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर रीतसर परवानगी घ्या. संगमरवर नको, रानातला काळा दगड पुरे. त्यावर पुढाऱ्याचे नाव नको, माझेही नको.

गावात शिकणारी पोरे रोज त्या रस्त्याने जातील. आपला आजा कर्जबाजारी होता, हे त्यांना कुणीतरी सांगेलच. तो कशामुळे झाला, ते दगडाने सांगावे.