हित कुणाचं आणि हिशेब कुणाचा



मद्रासचं मैलापूर आणि मराठी माणूस यांचं नातं जुनं आहे. तंजावरच्या मराठी घराण्यातले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी करून शेवटी इथे येऊन राहिले आणि 1891 साली इथेच वारले. मैलापुरातल्या लझ भागात जे रानडे ग्रंथालय आहे, ते आपल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या नावाचं आहे. रानडे 1901 साली गेले आणि त्यानंतर काही वर्षांतच व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी ते उभं केलं. पुण्याच्या माणसाचं स्मारक मद्रासच्या वकिलाने आपल्या पेठेत करावं, इतका तो काळ मनाने मोठा होता. आज बोलण्यासाठी मी जो विषय घेतला आहे, त्याची सुरुवात मला रानड्यांपासूनच करावीशी वाटते.

1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्रजी पाठ्यपुस्तकं जो माणूस गृहीत धरतात तो एकटा असतो, मोकळा असतो आणि स्वतःचा फायदा तेवढा बघतो. रानड्यांचं म्हणणं असं की, असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही. इथे कुटुंब आणि जात व्यक्तीपेक्षा बलवान आहेत आणि रूढीचा जोर स्पर्धेपेक्षा जास्त आहे. या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. तरीही निवडणुकीचा निकाल लागला की आपण, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकवणारी माणसं, त्याच पुस्तकी माणसाला शोधत बसतो. तो सापडला नाही की विचारतो, लोक स्वतःच्याच पोटावर पाय देणाऱ्यांना मतं का देतात?

प्रश्न खोटा नाही, पण तो आपण ज्या स्वरात विचारतो त्याला माझी हरकत आहे. तमिळनाडूत उभा आहे, तेव्हा इथलंच उदाहरण घेतो.

1979च्या जुलैत एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने आदेश काढला की मागासवर्गीयांच्या राखीव जागा ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ हजार रुपयांच्या आत आहे त्यालाच मिळतील. कागदावर हा आदेश गरिबाच्या बाजूचा होता. शेतमजूर, विणकर, कोरडवाहू शेतकरी हे सगळे त्या मर्यादेच्या कितीतरी खाली होते. वरचे थोडे बाजूला झाले की वाट यांचीच मोकळी होणार होती. द्रमुक आणि द्रविडर कळघम यांनी आदेशाविरुद्ध रान उठवलं. जानेवारी 1980च्या लोकसभा निवडणुकीत रामचंद्रन यांच्या पक्षाला राज्यातल्या 39 जागांपैकी दोन मिळाल्या. लगोलग त्यांनी आदेश मागे घेतला आणि मागासवर्गीयांचा वाटा 31 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेला. पुढे फेब्रुवारीत त्यांचं सरकार बरखास्त झालं आणि जूनमध्ये 129 आमदार घेऊन ते परत आले.

एका निवडणुकीचं एकच कारण कधी नसतं. त्या वेळी इंदिराबाईंची लाट होती, द्रमुक-काँग्रेस युती होती. पण खुद्द रामचंद्रन यांनी निकालाचा अर्थ काय लावला, ते त्यांच्या पुढच्या आदेशातून दिसतं. मग गरीब मागास मतदाराने स्वतःच्या फायद्याचा नियम का झिडकारला? मला तीन कारणं दिसतात आणि तिन्ही शहाणपणाची वाटतात. नऊ हजारांच्या खालच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मुलगाच नसेल, तर त्याच्यासाठी ठेवलेली जागा रिकामी राहील आणि ती दुसऱ्याच कुणाकडे जाईल, ही भीती खरी होती. दुसरं कारण असं की, जातीतला पहिला शिकलेला माणूस तालुका कचेरीत बसला तर बाकीच्यांच्या अर्जाला हात लागतो. त्याला बाहेर काढलं तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या शंभर जणांची ओळख तुटते. आणि या प्रांतात राखीव जागा हा गरिबाला दिलेला मदतीचा हात कधीच नव्हता. 1920च्या दशकातल्या जातवार नेमणुकांच्या सरकारी आदेशापासून इथे तो हक्काचा प्रश्न होता. 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, तेव्हा इथे एवढी चळवळ पेटली की राज्यघटनेत पहिली दुरुस्ती करावी लागली. अशा हक्काला उत्पन्नाची अट लावली, तर लोकांना त्यात अपमानच दिसणार.

इथे मला एम. एस. एस. पांडियन यांची आठवण काढलीच पाहिजे. ते मद्रास विकास अध्ययन संस्थेत होते आणि 2014 साली आपल्यातून गेले. 1992 साली आलेल्या रामचंद्रन यांच्यावरच्या पुस्तकात त्यांनी आपल्या आजच्या विषयाला थेट हात घातला होता. दहा वर्षांच्या राजवटीत करांचा बोजा गरिबावर पडला, मोठ्या शेतकऱ्यांचं आणि दारूच्या ठेकेदारांचं भलं झालं, आणि तरी गरिबाने या माणसाला डोक्यावर घेतलं. का? पांडियन उत्तर रामचंद्रन यांच्या सिनेमांत शोधतात. पडद्यावर रामचंद्रन नावाडी झाले, कामगार झाले, शेतकरी झाले, रिक्षा चालवणारे झाले, आणि दर वेळी मालकाच्या मुलाला नाही तर मालकालाच चार गोष्टी सुनावून मोकळे झाले. 1967च्या जानेवारीत नट एम. आर. राधा यांनी त्यांच्यावर गोळी झाडली, तर मानेला बँडेज बांधलेला त्यांचा फोटोच प्रचाराचं पोस्टर झाला. 1984 साली ते अमेरिकेत रुग्णालयात पडून होते, एकही सभा घेतली नाही, तरी जिंकले.

पांडियन यांच्याबद्दल मला फार आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशी एका ठिकाणी भांडतो. 1 जुलै 1982 रोजी रामचंद्रन यांनी मुलांना दुपारचं शिजवलेलं जेवण द्यायला सुरुवात केली. शाळेतलं जेवण कामराजांनीही दिलं होतं, पण आता ते खेडोपाडीच्या बालवाड्यांपर्यंत गेलं, आणि स्वयंपाकाला व वाढायला हजारो बायका लागल्या, त्यांत विधवा आणि निराधार कितीतरी. त्या वेळी जाणत्या मंडळींनी याला लोकानुनय म्हटलं, खजिन्याची उधळपट्टी म्हटलं. 2001च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना शाळेत शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. म्हणजे जे तमिळ आईला 1982 साली दुपारच्या ताटात दिसलं, ते आपल्या शास्त्राला पटायला वीस वर्षं लागली. तिचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का होता.

पण त्याच आईचं दुसरं खातंही उघडलं पाहिजे. दारूबंदी 1981 साली सैल झाली, 1983 साली सरकारी दारू महामंडळ आलं, आणि 2003 पासून किरकोळ विक्रीही त्याच महामंडळाच्या ताब्यात गेली. संध्याकाळी नवऱ्याच्या मजुरीतून जे जातं ते सरकारी तिजोरीत जमा होतं आणि दुपारच्या ताटातून त्यातलं थोडं परत येतं. हे नुकसान खरं आहे, आणि मतदार शहाणा आहे असं म्हणताना ते लपवणं मला अप्रामाणिक वाटतं. शहाण्या माणसालाही लुटता येतं. त्याच्यासमोर दोनच दुकानं असली आणि दोन्हीकडे तोच माल असला, की त्याच्या शहाणपणाचा उपयोग खोटं माप ओळखण्यापुरताच उरतो.

आता आपल्याकडे येऊ, मुंबईच्या गिरणगावात. साचेखात्यात कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घालायचा आणि सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यायचा. एकाचा धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या ओठाला लागायचा. एवढ्या एका कारणाने अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात पाऊल टाकू देत नसत. पगार तिथे जास्त होता, त्याला मात्र कमी पगाराच्या खात्यांत राहावं लागे. 1928च्या सहा महिने चाललेल्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मालकाविरुद्ध एकजूट हवी, पण पुढाऱ्यांना आपल्याच सवर्ण विणकराला दुखवायचं नव्हतं. जात ही श्रमांची नाही, श्रमिकांची विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी 1936 साली लिहिलं. त्याच्या एकच वर्ष आधी अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी तिथल्या गोऱ्या मजुराबद्दल लिहिलं होतं की त्याला पगार थोडा मिळे, पण वरून एक मानाचा पगार मिळे. साचेखात्याकडे पाहिलं की मला डू बॉइसच्याही एक पाऊल पुढे जावंसं वाटतं. इथे मान आणि पैसा वेगळे नव्हतेच. विटाळ पाळला की स्पर्धक आपोआप कमी होत. तो विणकर आपलं आजचं हित अचूक ओळखत होता, आणि त्यातच त्याच्या मुलांचं नुकसान रुजत होतं.

चाळीस वर्षांनी मुलांची पाळी आली. 1966 साली शिवसेना निघाली. ‘मार्मिक’मध्ये मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. गिरणीतल्या कामगाराची नोकरी मद्रासी कारकुनाने घेतली नव्हती. पण कामगाराचा मुलगा मॅट्रिक झाला होता, त्याला खात्यातल्या कापसाच्या धुळीत उतरायचं नव्हतं, आणि कचेरीच्या दारात त्याला त्या याद्यांमधली नावं दिसत होती. 1967 साली बापाने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवलं, मुलगा शिवसेनेच्या शाखेत जायला लागला. 1970च्या जूनमध्ये आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्याच वर्षी परळच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. मग दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982चा गिरणी संप. सुमारे अडीच लाख माणसं रस्त्यावर आली, घरं मोडली, गावाकडे पाठवलेली मुलं गावाकडेच राहिली. 1984च्या काँग्रेसच्या लाटेतही या वस्तीने दत्ता सामंतांना खासदार केलं, आणि 1989 साली त्यांना पाडून वामनराव महाडिकांना दिल्लीला पाठवलं.

यावर अनेकांनी लिहिलं की, कामगार वर्ग भावनेच्या आहारी गेला. मी विचारतो, 1989 साली गिरण्या परत चालू करून देऊ असं ठामपणे सांगणारा आणि ते करू शकणारा पक्ष कोणता होता? गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी करणारा नियम 1991 साली काँग्रेसच्या राजवटीत आला, आणि पुढच्या कुठल्याही सरकारने ती वाट बंद केली नाही. सगळ्यांनीच हात वर केल्यावर उरते शाखा. तिथे रात्री-अपरात्री कुणीतरी जागं असतं, रुग्णवाहिका मिळते, शाळेतल्या प्रवेशासाठी कुणीतरी सोबत येतं. ते मत भुकेविरुद्धचं नव्हतं, ते एकटेपणाविरुद्धचं होतं. आणि त्याची किंमत कुणी मोजली, तेही मैलापुरात उभं राहून सांगायलाच हवं. याच रस्त्यांवरून माटुंग्याला गेलेल्या कारकुनाने, टंकलेखकाने, हॉटेलवाल्याने ती मोजली. त्यांच्यावर अन्याय झाला. आमच्या गिरणगावाचं दुःख कितीही मोठं असलं तरी त्यामुळे तो न्याय ठरत नाही.

शेवटी आपल्या सुशिक्षितांविषयी. 1967 साली राजाजींनी आपला स्वतंत्र पक्ष द्रमुकच्या बरोबर उभा केला. मोकळ्या बाजाराचा पुरस्कार करणारा पक्ष, आणि दुसऱ्या बाजूला रुपयाला एक माप तांदूळ देण्याची हमी देणारा, ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्धच्या चळवळीतून आलेला पक्ष. मैलापूरसारख्या पेठांतल्या ब्राह्मण मतदारांना राजाजींनी उघड सांगितलं की द्रमुकला मत द्या. नोकऱ्या आणि कॉलेजातल्या जागा यांच्या हिशेबाने हे मत त्यांच्या मुलांच्या विरुद्ध जाणारं होतं. तरी अनेकांनी दिलं, कारण काँग्रेसची मक्तेदारी मोडायची होती, हिंदीची सक्ती नको होती. त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही. ते तत्त्वनिष्ठ ठरले. सुशिक्षिताने खिशाकडे पाठ फिरवून मत दिलं तर ते तत्त्व, आणि गिरणीतल्या किंवा शेतातल्या माणसाने तेच केलं तर ती फसगत, हा भेदभाव आपल्या लिखाणात इतका मुरला आहे की तो दिसेनासा झाला आहे. मला त्याची लाज वाटते.

म्हणून या संमेलनापुढे माझी एक मागणी आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या, फार मोलाचं काम केलं. त्याला जोड द्यायची ती मताच्या गोष्टीची. 1967 ते 1989 या काळात ज्यांनी मतदान केलं त्यांतले अनेक आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जायचं, पगाराच्या चिठ्ठ्या, रेशनकार्ड, शाळेचे दाखले सोबत ठेवून दर निवडणुकीगणिक विचारायचं: त्या वर्षी घरात काय चाललं होतं, दारात कोण आलं होतं, मत कुणाला दिलं, आणि त्याच्या बदल्यात काय मिळेल असं वाटलं होतं. असंच काम इथल्या मित्रांनी उत्तर मद्रासमधल्या गिरणी कामगारांत करावं, म्हणजे दोन्ही शहरांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचता येतील. प्रश्नावली मराठीत आणि तमिळमध्ये एकाच वेळी तयार व्हावी, आणि तिचा मसुदा उद्या दुपारच्या सत्रात आपण सर्वांनी बसून ठरवावा, अशी विनंती करतो आणि पहिला निबंध वाचणाऱ्यांना पुढे बोलावतो.