मापाची सायकल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आज सकाळी मी सायकलने शाळेच्या फाटकात शिरलो, तेव्हा आपल्यातल्या एकाने विचारलंच, "का गा, पुण्यात एवढी वर्षं नोकरी करून शेवटी सायकलच?" किंमत ऐकल्यावर तो म्हणाला, "एवढ्यात तं मोटरसायकल आली असती!" त्याला उत्तर द्यायला मी उभा आहे.

आपण सगळे वडिलांच्या काळ्या, उंच सायकलवर शिकलो. सीटवरून पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारायची. ती सायकल वीसेक किलोची. गुरुजींची, पोस्टमनची, दूधवाल्याची, सगळ्यांची जवळपास एकाच मापाची. माणसाने सायकलच्या मापाचं व्हायचं, अशीच रीत होती.

पन्नाशीनंतर गुडघा आणि कंबर कुरकुरायला लागली, तेव्हा मी एका कारागिराकडून मापाची सायकल करून घेतली. त्याने आधी रंग विचारला नाही, टेप काढला. पायाची आतली लांबी, धड, हात, खांदे, सगळं लिहून घेतलं. डावा गुडघा कमी वाकतो, हेसुद्धा लिहिलं. त्यावरून नळ्यांची लांबी आणि कोन ठरले. नळ्या पोलादाच्या. टोकांना, म्हणजे जिथे जोड येतो आणि ताण पडतो तिथे, ०.९ मिलिमीटर जाड, मध्ये ०.६. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली आणलेली '५३१' ही प्रसिद्ध नळी याच जातीची. तिच्या पोलादात मँगनीज आणि मॉलिब्डेनम असे.

मँगनीज म्हटलं की चंद्रपूरकराचे कान टवकारणारच. मूल रोडवरच्या ज्या कारखान्याला आपण 'एमईएल' म्हणायचो, जो आता सेलकडे आहे, तिथे फेरोमँगनीजच बनतं. लोहखनिज तर गडचिरोलीत, सुरजागडच्या डोंगरात. तेव्हा पोलाद आपल्याला परकं नाही.

कार्बनची सायकल याहून हलकी असते आणि शर्यतीत तीच पुढे जाते, हे कबूल. तरी मी पोलाद का घेतलं, ते मला स्वतःला गेल्या दिवाळीत कळलं.

दिवाळीत मी चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाऊन आलो. चिचपल्लीकडचं जंगल, व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल. जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर. घरी आलो तर मागच्या नळीवरचा, कॅरिअर बसवायचा कान तडकलेला. सायकल घेऊन मी आपल्या वर्गमित्राच्या दुकानात गेलो. नाव घेत नाही. तो दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला आहे.

त्याने नळीवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "इथं इलेक्ट्रिक वेल्डिंग नाही चालत. नळी पातळ आहे, भोक पडन. पितळ लावतो." गॅसची बारीक ज्योत, टाकणखार आणि पितळेची काडी. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास तापमान लागतं, पितळ नऊशेच्या सुमारास वाहू लागतं. त्यामुळे नळी शाबूत राहते आणि पितळ फटीत शिरून धरून ठेवतं. दहा मिनिटांत काम झालं. रंग तेवढा जळला. तो डाग मी तसाच ठेवला आहे, बाहेर लावलेल्या सायकलवर बघून घ्या.

मित्रांनो, आठवीत आपण याला 'ढ' म्हणायचो. मीसुद्धा. फळ्यावरचं गणित त्याला सुटायचं नाही, एवढ्यावरून. नळीची जाडी त्याने टिचकीने ओळखली. इंजिनिअर असून मला कागद बघावा लागला असता. आपण सगळ्यांना एकच माप लावलं. आज सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागतो.

आता एक विनंती. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत यायला सायकली मिळतात. मुली लहान-मोठ्या, सायकली एकसारख्या. फ्रेम बदलता येत नाही, पण सीट बदलता येते. पेडल सगळ्यात खाली न्यायचं, टाच त्यावर ठेवायची. गुडघा जेमतेम सरळ झाला की उंची बरोबर. एवढं पाहिलं तरी मुलीचे पाय कमी दुखतील. आपला मित्र महिन्यातून एका शनिवारी शाळेत यायला तयार आहे. पान्यांचा संच मी आणला आहे. पंप, पंक्चरचं सामान आणि ब्रेकचे रबर तुम्ही बघा.

मोटरसायकल आली असती, हे खरं आहे. पण तिच्यासाठी माझा गुडघा कुणी विचारला नसता.

पहिल्या शनिवारी मीही येतो. सीट वर करताना कुणीतरी सायकल धरून ठेवावी लागते. तेवढं मला जमेल.