प्रकल्पाचा कारभारी आणि त्याचे शिक्षण

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यानपिढ्या आहे. या दोन कामांतून जे शहाणपण मिळते ते ऐकीव माहितीने मिळत नाही, असे तिचे सांगणे. आणि ते खोटे नाही. परंतु या म्हणीत एक अडचण आहे. सामान्य गृहस्थ आयुष्यात घर बहुधा एकदाच बांधतो. सुताराला आगाऊ सांगावयास हवे होते, वाळू पावसापूर्वी आणून ठेवावयास हवी होती, गवंड्याशी ठरलेले लिहून घ्यावयास हवे होते, हे सारे त्याला कळते खरे. पण ते कळेपर्यंत घर उभे राहिलेले असते आणि त्या शहाणपणाचा उपयोग करण्यास दुसरे घर नसते. स्वतःच्या पैशाने असा धडा घेणाऱ्यास कोणी दोष देणार नाही. मात्र ज्याच्या हाती गावाच्या शाळेचे, तालुक्याच्या रुग्णालयाचे किंवा नदीवरील पुलाचे काम सोपविले जाते, त्याने तोच धडा लोकांच्या पैशाने घ्यावा काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

अशा कामास आज प्रकल्प म्हणतात आणि ते पार पाडणाऱ्यास प्रकल्प-व्यवस्थापक. ज्याचा आरंभ, शेवट आणि खर्च आधी ठरविलेला असतो आणि जे पुन्हा जसेच्या तसे करावयाचे नसते, ते काम म्हणजे प्रकल्प. गिरणीत रोज तेच सूत निघते. तेथे आजची चूक उद्या सुधारता येते. पूल एकदाच बांधला जातो. म्हणून प्रकल्पाच्या कारभाऱ्यास मेहनत आणि प्रामाणिकपणा हे गुण अवश्य असले तरी पुरेसे होत नाहीत. पुढे काय येणार हे आज विचारण्याची सवय त्यास असावी लागते, आणि ही सवय शिकविता येते.

एका साध्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. कोकणपट्टीतील एखाद्या गावी शाळेची चिरेबंदी इमारत बांधावयाची आहे, असे समजू. जानेवारीच्या मध्यास काम सुरू झाले. पायास चार आठवडे, जोत्यास दोन, भिंतींस सात आणि छपरास पाच, असे एकूण अठरा आठवडे लागणार. म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात छप्पर पुरे होते आणि मृगाचा पाऊस येण्यास सुमारे दोन आठवडे उरतात. हिशेब चोख दिसतो. परंतु दारे-खिडक्यांच्या चौकटी करण्यास सुतारास पाच आठवडे लागतात, आणि चौकटी उभ्या केल्यावाचून भिंती वर चढत नाहीत. पहिल्याच दिवशी सुतारास सांगितले तर भिंतींचे काम लागण्यापूर्वी एक आठवडा चौकटी हाती येतात. जोते झाल्यावर सांगितले तर गवंडी पाच आठवडे बसून राहतो, अठराचे तेवीस आठवडे होतात आणि जूनच्या अखेरीपर्यंत उघड्या भिंतींवर पाऊस कोसळत राहतो. मजुरी वाढते, भिजलेले सिमेंट वाया जाते आणि मुले आणखी एक वर्ष कोणाच्या तरी ओसरीवर बसून शिकतात. यात कोणी चोरी केलेली नसते, कोणी आळसही केलेला नसतो. एक प्रश्न वेळेवर विचारावयाचा राहिलेला असतो, इतकेच.

हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारण्याचे शास्त्र गेल्या शतकात निर्माण झाले. १९५७ साली अमेरिकेतील ड्यू पाँ या रासायनिक कंपनीत मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांच्या प्रयत्नांतून एक पद्धत आकारास आली. प्रत्येक कामास किती दिवस लागतील आणि ते कोणत्या कामावाचून अडून राहील, हे कागदावर रेखाटावयाचे; त्यांतील सर्वांत लांब साखळी हुडकून काढावयाची; आणि त्या साखळीतील एकाही कामास उशीर होऊ द्यावयाचा नाही, कारण तेथील एक दिवस म्हणजे साऱ्या प्रकल्पाचा एक दिवस. उरलेल्या कामांस थोडीबहुत सवड असते. ती किती आहे हे कळले म्हणजे कोठे घाई करावी आणि कोठे करू नये, हेही कळते.

पुढील वर्षी, म्हणजे १९५८ साली, अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी अशीच दुसरी पद्धत बसविली. ज्या कामाचा काळ निश्चित सांगता येत नाही, त्याचे तीन अंदाज घ्यावयाचे, असा तिचा नियम. आपल्या सुताराचेच पाहा. सारे सुरळीत झाले तर चार आठवडे, बहुधा पाच, आणि लाकूड वेळेवर न मिळाले तर बारा. मधल्या अंकाची चौपट करून त्यात दुसरे दोन मिळवावयाचे आणि बेरजेस सहाने भागावयाचे. चार, वीस आणि बारा मिळून छत्तीस. सहाने भागिले असता सहा. म्हणजे पहिल्या दिवशी सुतारास सांगूनही जी एक आठवड्याची सवड दिसत होती, ती वस्तुतः नाहीच! सातव्या इयत्तेतील मुलास करता येईल असे हे गणित आहे. ते करण्याची आठवण वेळेवर व्हावी, यासाठीच शिक्षण लागते.

शाळेच्या बाबतीत उशिराची किंमत एक वर्ष असते. काही कामांत ती याहून फार मोठी असते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि शहराचा नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला, हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. धरणाचे काम पूर्णत्वास गेले नसता पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. त्या आपत्तीचे सारे खापर कोणा एका गोष्टीवर फोडणे उचित नव्हे. तथापि अपुऱ्या कामावर पावसाळा चालून आला म्हणजे काय होऊ शकते, याची ती कायमची आठवण आहे.

शिक्षणाने सर्व संकटे टळतात, असे मात्र कोणी समजू नये. कोकण रेल्वेचे उदाहरण घ्यावे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्यासारखा कसलेला अभियंता त्याच्या अग्रभागी होता, आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सह्याद्रीच्या कुशीतून काढावयाचा होता. तरीही गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने अभियंत्यांना दीर्घकाळ दाद दिली नाही, आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला. जमिनीच्या पोटात काय आहे हे कोणतेही प्रमाणपत्र सांगत नाही. परंतु जे प्रतिकूल घडू शकेल त्याची यादी आरंभीच करावी, प्रत्येक संकटापुढे त्याचा उपाय आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव लिहावे, आणि ती यादी दर आठवड्यास पुन्हा वाचावी, ही शिस्त अभ्यासक्रम शिकवितो. संकट आल्यावर पळापळ करणारा आणि त्याची वाट पाहून सज्ज असलेला, यांत जो फरक आहे तो येथे आहे.

या शिक्षणास प्रमाणपत्राची जोड कशी मिळाली, तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १९६९ साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली आणि १९८४ पासून ती परीक्षा घेऊन ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ हा दाखला देऊ लागली. ब्रिटनमध्ये सरकारी कामांच्या अनुभवातून तयार झालेली ‘प्रिन्स टू’ ही पद्धत १९९६ साली प्रसिद्ध झाली. तीत काम टप्प्याटप्प्यांनी वाटून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ‘हे काम पुढे चालविणे अजूनही योग्य आहे काय?’ असे विचारण्याचा दंडक आहे. भारतात बांधकाम-व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी १९८३ साली मुंबईत ‘निकमार’ ही संस्था स्थापन झाली. पुढे पुणे, हैदराबाद आणि गोव्यातील फर्मागुडी येथेही तिने शिक्षणाची सोय केली. २०२० साली नीती आयोग आणि भारतीय गुणवत्ता परिषद यांनी प्रकल्प-व्यवस्थापनाविषयी राष्ट्रीय धोरणाचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही प्रमाणित व्यवस्थापकांची गरज मान्य केलेली आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. वीस वर्षे कामावर उन्हातान्हात उभा राहिलेला मुकादम कागदाच्या तुकड्यावाचून मागे राहावा आणि कालचा पदवीधर दाखला मिरवीत त्याच्यावर हुकूम चालवावा, हा न्याय कसला? उत्तर असे की, चांगला दाखला अनुभवाच्या जागी येत नाही, अनुभव मागूनच तो दिला जातो. वर सांगितलेल्या अमेरिकन परीक्षेस बसण्यासाठी पदवीधरास प्रकल्प चालविल्याचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ज्याचे शिक्षण केवळ शालान्त परीक्षेपर्यंत झाले आहे त्यास पाच वर्षांचा अनुभव लागतो. पण दार त्यालाही उघडे आहे. त्यावर किमान ३५ तासांचे रीतसर शिक्षण हवे. दाखला मिळाल्यावरही तो टिकविण्यासाठी दर तीन वर्षांत साठ तासांइतका अभ्यास किंवा तत्सम कार्य करावे लागते.

गोव्याच्या किनाऱ्यावरील घरांना ही गोष्ट नवी वाटू नये, कारण तेथील पुरुष पिढ्यानपिढ्या आगबोटींवर नोकरीस गेलेले आहेत. एके काळी जहाजाचा कप्तान होण्यास मालकाची मर्जी पुरत असे. १८५० साली ब्रिटनने कायदा करून परदेशी जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या कप्तानांस दाखला सक्तीचा केला. नव्या उमेदवारांनी परीक्षा द्यावयाची. पूर्वीपासून जहाज चालविणाऱ्यांना त्यांच्या सेवेचा दाखला मिळे. जुन्यांचा मान राखला गेला आणि उतारूंच्या जिवाची काळजीही घेतली गेली. शिक्षकी पेशातही हेच घडले. विषय उत्तम येणारा प्रत्येक मनुष्य वर्गात शिकवू शकत नाही, हे जगाला कळले तेव्हाच अध्यापन-विद्यालये निघाली.

दाखल्याचा उघड लाभ असा की, बेळगाव किंवा मडगाव येथील तरुण आखातात नोकरीस गेला तर त्यास ओळखणारे तेथे कोणी नसते. त्याच्या हातातील दाखला त्याची पहिली ओळख करून देतो. पण त्याहून मोठा लाभ वेगळाच आहे. शाळेचे बांधकाम अर्धे झाले असता पुढारी म्हणतात, आणखी एक खोली वाढवा. उद्‍घाटनाची तारीखही तीच ठेवा. अशिक्षित कारभारी मान डोलावितो, कारण नाही म्हणण्यास त्याच्यापाशी आधार नसतो. शिकलेला कारभारी नम्रपणे कागद पुढे करतो: या खोलीस इतके दिवस, इतके रुपये, मंजुरी लेखी द्यावी, नाहीतर तारीख पुढे न्यावी. तो उद्धट नसतो. त्याला वरिष्ठांपुढे खरे बोलण्याचे साधन मिळालेले असते. सार्वजनिक कामांत या एका गोष्टीचे मोल फार आहे, कारण पुष्कळ कामे अज्ञानाने बिघडतात तितकीच भिडेनेही बिघडतात.

शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. न केला तर पाया घालून काम अडते आणि येणारेजाणारे त्याला हसतात. आज मात्र अपुरे काम पाहून हसण्यावर भागत नाही. अर्धा पूल पाहणाऱ्याला पलीकडे दवाखान्यात जावयाचे असते. पावसाळ्यात त्या नदीतून होडीने रोगी नेणाऱ्या घराला अंदाजपत्रकातले आकडे ठाऊक नसतात. पूल कधी होणार, एवढेच ते विचारते. त्या प्रश्नास तारीख देऊन खरे उत्तर देता येईल असा कारभारी तयार करणे, हे या शिक्षणाचे प्रयोजन आहे. आपल्या पंचायती, नगरपालिका आणि शिक्षणसंस्था यांनी काम कोणाकडे सोपवावयाचे हे ठरविताना, त्याने यापूर्वी काय बांधले हे जसे विचारावे, तसेच तो काय शिकला आहे हेही विचारावे. घर बांधून पाहण्याची हौस ज्याला त्याला असावी. लोकांचे घर मात्र शिकलेल्या हातांनीच बांधले जावे.