आठ आण्यांचा रविवार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘कमी खर्चात कुटुंबाची करमणूक’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी थोडी चकित झाले. असा विषय एखाद्या गृहशास्त्राच्या प्राध्यापिकेला द्यायचा; कवयित्रीला कशाला? मग लक्षात आलं, कवी आणि पैशांची चणचण यांची ओळख जुनी आहे. तेव्हा मी तज्ज्ञ म्हणून नाही, अनुभवी म्हणून बोलते.

आमचं घर भाईंदर पूर्वेला, नवघरला. आज तिथे उंच इमारती आहेत, रिक्षांची गर्दी आहे. माझ्या लहानपणी मात्र नवघर गावासारखंच होतं. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. त्याआधी चाळी, भातखाचरं, खाजण आणि दूरवर पांढरी मिठागरं. माझे अब्बा मुंबईत भायखळ्याच्या बाजूला एका कापड गिरणीत साच्यावर होते. मूळ आम्ही राजापूरकडचे. मुंबईतली खोली चुलत्यांच्या नावावर, म्हणून अब्बांनी इकडे चाळीत एक खोली घेतली होती. आम्ही तीन भावंडं. मी सगळ्यांत मोठी.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा बारा वर्षांची. पहिले दोन महिने आम्हा मुलांना मौजच वाटली, कारण अब्बा घरी असायचे. पुढे चहातलं दूध कमी झालं, मग मासळी आठवड्यातून एकदा आली, मग तीही बंद झाली. पण ‘काय झालंय’ हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. विचारलं की अब्बा म्हणायचे, “आज ना उद्या मिटेल.”

जुलै महिन्यात ईद आली. बाहेर धो धो पाऊस आणि घरात संपाचा सातवा महिना. तरी त्या ईदला आम्हा तिघांना नवे कपडे आले, शीरखुर्म्यात सुका मेवा पडला आणि दुसऱ्या दिवशी अब्बा आम्हाला सिनेमाला घेऊन गेले. मध्यंतरात सामोसेही खाल्ले. इतकी चांगली ईद मला आठवत नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक माणूस दारात आला. व्याजाने पैसे देणारा. तो ओरडला नाही, शिवीही दिली नाही. उंबऱ्याबाहेर छत्री मिटून उभा राहिला आणि म्हणाला, “पोरांचे कपडे छान आहेत.” एवढंच. अब्बांची मान खाली गेली. मी तो नवा फ्रॉक घालून अभ्यास करत बसले होते. माझ्या अंगावर काय आहे हे मला त्या क्षणी कळलं.

त्या रात्री अम्मीने आम्हा तिघांना चटईवर बसवलं. डालड्याचा डबा उघडून त्यातले पैसे आमच्यासमोर ओतले आणि मला मोजायला लावले. सत्तावीस रुपये आणि काही नाणी. ती म्हणाली, “गिरणी बंद आहे. कधी उघडेल माहीत नाही. घरात एवढे आहेत. जेवायला मिळेल. पण उसनी हौस या घरात पुन्हा नको.” अब्बांना राग आला. मुलांना असल्या गोष्टी सांगायच्या असतात का, असं ते म्हणाले. अम्मी म्हणाली, “त्यांना बाहेरच्या माणसाकडून कळलं. घरातून कळायला हवं होतं.”

श्रोतेहो, कमी खर्चातल्या करमणुकीची सुरुवात माझ्या मते इथून होते. मुलांपासून तंगी लपवायची आणि ती लपवण्यासाठी कर्ज काढून मजा करायची, ही सगळ्यांत महागडी करमणूक. तिचं व्याज पैशांतही जातं आणि मानातही.

त्यानंतर अम्मीने नवा कायदा केला. दर रविवारचा एक मालक. पाळीपाळीने प्रत्येकाचा रविवार, अगदी सहा वर्षांच्या धाकट्याचासुद्धा. मालकाने ठरवायचं, त्या दिवशी सगळ्यांनी मिळून काय करायचं. खर्चाची मर्यादा आठ आणे. आणि शेवटची अट अशी की मालकाने त्या दिवशी भांडी घासायची.

आता या आठ आण्यांत आम्ही काय काय केलं ते सांगते.

पावसाळा संपल्यावर माझ्या भावाने मिठागरं बघायला जायचं ठरवलं. रोज लांबून दिसणारी गोष्ट. जवळ कधी गेलोच नव्हतो. अब्बांनी तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराशी ओळख काढली. भरतीचं पाणी आत कसं घेतात, बांध घालून ते वाफ्यांमध्ये कसं अडवतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात कसं आटवतात, हे त्याने दाखवलं. उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्याच वाफ्यांत मीठ धरलं होतं आणि बांधांवर त्याचे ढीग लागले होते. उघड्या पायांनी त्या खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसांचे तळवे मी तेव्हा पाहिले. घरी येऊन कालवणात मीठ घालताना अम्मीचा हात क्षणभर थांबला होता, हेही आठवतं.

पावसाच्या रविवारी मात्र घरातच बसावं लागे. तेव्हा भेंड्या. आमच्या भेंड्या जरा वेगळ्या होत्या. अब्बांना उर्दू शेर पाठ होते. त्यांच्याकडे बैतबाजी, म्हणजे शेराच्या शेवटच्या अक्षराने दुसरा शेर. आम्ही मुलं मराठी शाळेतली, आमच्याकडे पाठ्यपुस्तकातल्या कविता. मग दोन्हींची मिसळ झाली. अब्बांनी उर्दूत म्हणायचं, आम्ही मराठीत उत्तर द्यायचं. अडचणी फार. मराठी ओळ ‘ण’वर संपली तर पुढे काय? तेव्हा नियम केला, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ चालेल. अब्बांचे शेर तर हटकून ‘है’वर संपायचे. प्रत्येक वेळी आमच्या वाट्याला ‘ह’! ‘ह’च्या कविता दोन रविवारांत संपल्या. तिसऱ्या रविवारी मी सरळ एक ओळ मनानेच जुळवली आणि ठोकून दिली. अम्मीने विचारलं, “ही कुठल्या पुस्तकातली?” मी म्हटलं, “सातवीच्या.” अब्बा हसले. म्हणाले, “सातवीच्या पुस्तकात नाही, सातवीच्या पोरीत आहे.” पुढे मी बी. ए. झाले, कवितेचं पुस्तक निघालं. पण माझी पहिली ओळ हरू नये म्हणून रचलेली आहे.

आठ आणे खर्चच झाले नाहीत तर ते डब्यात वेगळे राहायचे. असे तीन महिन्यांचे साठवून आम्ही वसईचा किल्ला पाहिला. स्टेशनपासून जाताना एसटी, येताना बराचसा रस्ता पायी. बरोबर भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. अब्बांनी बुरुजावर बसून चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेची गोष्ट अशी सांगितली की शेजारच्या सहलीतली दोन अनोळखी मुलंही येऊन बसली.

आणि एक रविवार मला सगळ्यांत जास्त आठवतो. तो अम्मीचा होता. आम्ही वाट बघत होतो, ती काय ठरवणार. ती म्हणाली, “तुम्ही सगळे चार वाजेपर्यंत बाहेर जा. मला झोपायचं आहे.” आम्ही खाडीवर जाऊन बसलो. धाकटा कुरकुरत होता, ही कसली मजा? आज माझ्या लक्षात येतं, बिनखर्चाची मजा पुष्कळदा घरातल्या बाईच्या खर्चाने चालते. डबा तिने करायचा, पाणी तिने भरायचं, परत आल्यावर चिखलाचे कपडे तिने धुवायचे. तिच्या कष्टांची किंमत कुणी लावत नाही, म्हणून ती मजा फुकट वाटते. मालकाने भांडी घासायची, ही अट अम्मीने उगाच घातली नव्हती.

संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला. अब्बांना गिरणीत परत घेतलं नाही. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात ते पॉलिशच्या कामाला लागले. पगार कमी, अंगावर काळी धूळ. रविवार मात्र चालू राहिले.

हे सगळं मी जुनी आठवण म्हणून सांगितलं असतं. पण अलीकडे ते माझ्या घरात पुन्हा घडलं. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, माझ्या मुलाची नोकरी गेली. दुसरी मिळाली ती कमी पगाराची. तरी २०२३ च्या डिसेंबरात नातीचा सहावा वाढदिवस हॉल घेऊन झाला. फुग्यांची कमान, तीन मजली केक, प्रत्येक मुलाला परतीची भेट. मीही कौतुक केलं, फोटो काढले. पैसे कुठून आले, हे विचारलं नाही. महिनाभराने हप्त्याच्या वसुलीचे फोन सुरू झाले. जेवताना मुलाचा फोन वाजायचा आणि तो उठून गॅलरीत जायचा. मला छत्री मिटून उभा असलेला तो माणूस आठवला. आता तो दारात येत नाही, खिशात वाजतो.

मी मुलाला ईदची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “अम्मी, तुमच्या चाळीत सगळेच संपावर होते. हिच्या वर्गात सगळ्यांचे वाढदिवस हॉलमध्ये होतात. हिने एकटीनेच का कमी पडायचं?” त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तंगी सगळ्यांची असते तेव्हा सोसते. एकट्याची असते तेव्हा टोचते. मी एवढंच म्हटलं, “तिला विचारून तर बघ.”

त्याने मुलीला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आपण गरीब झालो?” सून म्हणाली, “नाही, सध्या हात आखडला आहे. म्हणून मोजून खर्च करायचा.” तिने विचार केला आणि विचारलं, “किती आहेत?” बारा वर्षांची मी जे मोजत होते, तेच ती विचारत होती. आम्ही तिला पुढच्या रविवारचे पन्नास रुपये दिले आणि मालक केलं.

तिने काय ठरवावं? लोकलने नायगावला जाऊन परत यायचं, खिडकीत बसून. मी, तिचे वडील आणि ती. एका बाजूचं तिकीट पाच रुपये. जाऊन-येऊन भाडं भागलं आणि वीस रुपये उरले, त्यांचे शेंगदाणे घेतले. भाईंदर सोडलं की गाडी खाडीच्या पुलावर चढते, मध्ये पाणजू बेट लागतं, मग पुन्हा पूल. चाळीस वर्षं मी त्या पुलावरून जाते-येते आहे. ती म्हणाली, “दादी, बेटावर गाडीचा आवाज बदलतो.” खरंच बदलतो, पुलावर खडखडतो, जमिनीवर मऊ होतो. कवयित्री म्हणवून घेणाऱ्या बाईने तो कधी ऐकला नव्हता. येताना मुलाचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं, पण उठून दाराकडे गेला नाही. तिथेच बसून, मुलीसमोर, तो शांतपणे म्हणाला, “पाच तारखेला भरतो.” मग त्याने फोन खिशात ठेवला आणि शेंगदाणे मागितले.

हप्ते पुढे वर्षभर चालले. पण सातवा वाढदिवस घरीच झाला. पाच मैत्रिणी, घरचा केक आणि भेंड्या. एका मैत्रिणीची आई दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणाली, “बरं झालं तुम्ही सुरुवात केलीत. आता आम्हालाही घरी करता येईल.” म्हणजे एकटे फक्त आम्हीच नव्हतो.

तेव्हा श्रोतेहो, माझ्याकडे युक्त्यांची यादी नाही. घरात किती आहेत ते मुलांसमोर मोजा. त्यातले थोडे त्यांच्या हातात द्या आणि ठरवायचा हक्कही द्या. आणि भांडी कोण घासणार, हे आधी ठरवा.

येत्या रविवारची पाळी माझी आहे. नात रोज विचारते, दादी, काय ठरवलंस? मी अजून सांगितलेलं नाही. पण चार वाजेपर्यंत सगळ्यांना बाहेर पाठवून झोपावं, असा विचार आहे.